ईसीजी नॉर्मल, म्हणजे ‘नुसतं टेन्शन’?

“छातीत धडधडतंय? ईसीजी नॉर्मल असेल तर ते नुसतं टेन्शन. मनाचे खेळ, दुर्लक्ष करा. बायकांना तर हे होतंच. तरीही भीती वाटली तर जोरजोरात खोका आणि सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवा.” या धाटणीचा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरत असतो. खाली ‘डॉक्टरांचा सल्ला’ असंही असतं, कुठल्या डॉक्टरांचा ते नसतं. सगळंच खोटं असतं तर सोडून दिलं असतं. पण यात थोडं खरं मिसळलेलं आहे, म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“ईसीजी नॉर्मल असेल तर…” नेहमीचा ईसीजी साधारण 10 सेकंदांची नोंद करतो. दिवसाचे सेकंद 86,400. धडधड सकाळी नऊला झाली, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत अकरा वाजले आणि तोवर सगळं शांत झालं, तर कागदावर शांत हृदयच उमटणार. तो ईसीजी निरुपयोगी नसतो. जुना झटका किंवा काही जन्मजात दोष त्यात दिसू शकतात. पण नऊ वाजता काय झालं होतं, हे त्याला विचारून उपयोग नाही. त्यासाठी 24 किंवा 48 तास अंगावर बाळगायचा होल्टर, म्हणजे ठोक्यांची सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र असतं, आणि त्रास महिन्यातून एखाद्याच वेळी होत असेल तर तेही अपुरं पडतं. सगळ्यात मोलाचा ईसीजी म्हणजे धडधड चालू असताना काढलेला. ती सुरू असताना जवळच्या दवाखान्यात पोचता आलं तर थेट “आत्ता होतंय, आत्ताच काढा” म्हणून सांगावं.

“मनाचे खेळ.” हे मला सगळ्यात खटकतं. भीती वाटली की मेंदूकडून निघालेली सूचना मज्जातंतूंमार्फत थेट हृदयापर्यंत जाते, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी रक्तात ॲड्रेनलिन सोडतात आणि ठोके मिनिटाला शंभरच्या पुढे जातात. ते मोजता येतात, ईसीजीत दिसतात. यात खेळ कसला? मग ती धडधड जाणवते, ‘आता काहीतरी होणार’ असं वाटतं, त्या वाटण्याने आणखी ॲड्रेनलिन. या चक्रात अडकलेल्याला ‘दुर्लक्ष कर’ सांगणं सोपं असतं, करणं नाही. चिंतेच्या आजारावर समुपदेशन आहे, औषधं आहेत, आणि 14416 या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर फोन करून बोलताही येतं. म्हणजे निदान खरोखर चिंतेचं निघालं, तरी मेसेजचा सल्ला चुकीचाच ठरतो.

“बायकांना तर हे होतंच.” थांबा. एसव्हीटी नावाचा ठोक्यांचा एक विकार आहे. त्यात हृदयातल्या विजेच्या मार्गात एक जादा वळसा तयार होतो आणि ठोके एकदम दीडशे-दोनशेवर जातात. बटण दाबावं तसं सुरू, तसंच बंद. चिंतेची धडधड बहुधा चढत जाते आणि हळूहळू ओसरते. पण ठोके अचानक दोनशेवर गेले की कोणीही घाबरेल, घाम फुटेल, हात थरथरतील. म्हणून दोन्हींची गल्लत होते. अमेरिकेत 1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एसव्हीटीच्या 107 रुग्णांपैकी 67 टक्क्यांची लक्षणं पॅनिक डिसऑर्डरच्या (अचानक तीव्र भीतीचे झटके येण्याच्या आजाराच्या) निकषांत बसत होती. ज्यांचं निदान आधी हुकलं होतं, त्यांच्यात ‘हे टेन्शनच’ असं सांगितलं जाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त होतं. एसव्हीटीवर आज कॅथेटर (रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी) घालून कायमचा इलाज होऊ शकतो. टेन्शनचा शिक्का बसला की तो वर्षानुवर्षं लांबतो.

आणि आपल्याकडचं साधं कारण तर राहूनच गेलं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असेल तर जिना चढतानाच काय, स्वस्थ बसल्यावरही धडधडू शकतं. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत असली तरी तेच. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची) या रक्ताच्या साध्या तपासण्या आहेत. त्या न करताच ‘टेन्शन घेऊ नका ताई’ म्हणून घरी पाठवणं हे निदान नव्हे.

खोकण्याचं थोडक्यात: अमेरिकन हार्ट असोसिएशनने हा घरगुती उपाय म्हणून मान्य केलेला नाही. कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत), मॉनिटर लावलेल्या रुग्णाला डॉक्टर क्वचित खोकायला सांगतात, त्यावरून ही अफवा वाढली असावी. सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या छातीदुखीवरची गोळी, ती तर उलटंच करू शकते. ती रक्तवाहिन्या सैल करते, रक्तदाब उतरतो आणि तो सावरायला हृदय आणखी जोरात पळू लागतं. शेजारच्या काकांना लिहून दिलेली गोळी आपल्या धडधडीवर घेऊ नये.

धडधडीबरोबर चक्कर येऊन शुद्ध हरपली, छातीत दुखलं, दम लागला, किंवा व्यायाम करताना ती सुरू झाली, तर मेसेज वाचत बसू नका. 108 ला फोन करा. घरात कुणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आपणहून सांगा. एरवी पुढच्या वेळी धडधडलं की वेळ लिहून ठेवा, नाडी मोजा, आणि ती एकदम सुरू झाली की चढत गेली, तेही टिपून ठेवा. डॉक्टरांना त्याचा उपयोग होतो.