साडेआठशे किलोमीटरवरचा खडा

ऑस्ट्रेलियाच्या नकाशावर ॲडलेडहून सरळ वर बोट सरकवले की कूबर पीडी हे गाव लगेच सापडते. गाडीने जायचे तर साडेआठशे किलोमीटर पडतात. पोर्ट ऑगस्टा मागे पडले की स्टुअर्ट हायवेवर आधी झाडे संपतात, मग घरे आणि शेवटी गाडीतले बोलणे. ग्लेंडॅम्बोला टाकी काठोकाठ भरून घ्यावी लागते, कारण पुढे अडीचशे किलोमीटर पंप नाही. पंप नाही म्हणजे चहाही नाही, हे साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंना पटवून देण्यातच त्यातला बराचसा रस्ता सरला.

गावाआधी त्याची माती दिसते. नजर पोहोचेल तिथपर्यंत पांढुरक्या मातीचे ढीग, आणि ढिगांशेजारी उघडे, उभे, खोल खड्डे. १९१५ साली सोने शोधायला निघालेल्या टोळीतल्या विली हचिसन या पोराला इथे ओपल, म्हणजे अंगात रंग खेळवणारा मौल्यवान खडा, सापडला आणि तेव्हापासून माणसे इथे खणतच आहेत. खणलेले बुजवण्याचे मात्र फारसे कोणी मनावर घेतलेले दिसत नाही. म्हणून पाट्या बजावतात, की धावू नका आणि उलट्या पावलांनी चालू नका. ती पाटी आणि आम्ही दोघी एकाच फोटोत मावाव्यात म्हणून आमचे हे मागे मागे सरकू लागले, तेव्हा सासूबाईंनी, शाळेतून तक्रार आल्यावर मारत असत तशी, वडिलांच्या नावासकट हाक मारून त्यांना जागीच थिजवले.

उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो, त्यामुळे गावातली पुष्कळशी माणसे जमिनीखाली राहतात. टेकडीच्या पोटात कोरलेल्या या घरांना डगआउट म्हणतात आणि त्यांच्या आत बारा महिने चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास तापमान असते. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांनी ही पद्धत रूढ केली असे सांगतात. खंदकात वर्षे काढलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! कपाट हवे असेल तर भिंत कोरायची, आणि कोरता कोरता ओपल लागला तर कपाट फुकटात. सर्बियन ऑर्थोडॉक्स चर्चही जमिनीखालीच आहे. तिथे सासूबाईंनी कोणी न सांगता चपला बाहेर काढल्या.

आमचा मुक्काम अर्थातच भुयारी मोटेलात होता. खोलीच्या तांबूस भिंतींवर खणणाऱ्या यंत्राच्या दातांचे गोल ओरखडे जसेच्या तसे ठेवलेले होते आणि माती झडू नये म्हणून त्यांवर पारदर्शक लेप दिलेला होता. सासूबाईंनी त्यावर नख ओढून पाहिले, "गिलावा राहिलाय," असा निकाल दिला आणि मुलाला विचारले, "एवढं पेट्रोल जाळून बिळात झोपायला आलो का रे?" खोलीला खिडकी नव्हती, फक्त छतातून वर गेलेली हवेची एक नळी होती. दिवा मालवल्यावर डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे बोट लावूनच समजत होते. शांतताही तेवढीच गाढ होती, म्हणजे यांचे घोरणे सुरू होईपर्यंत. एरवी ते घोरणे निम्मे खिडकीतून शेजाऱ्यांकडे जाते. इथे ते पूर्णच्या पूर्ण आमच्या वाट्याला आले. त्यातच उजेड, कोंबडा, दूधवाला यांपैकी काहीच नसल्यामुळे सासूबाई रात्री अडीच वाजता आंघोळ करून, कुंकू लावून, पर्स मांडीवर घेऊन तयार बसल्या. या गावाचे पाणी चोवीस किलोमीटरवरच्या बोअरमधून येते आणि क्षार काढून पुरवले जाते, हे मी त्यांना त्या वेळी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी तोंडावर जाळी ओढून, कारण इथल्या माशांना नाकपुडीशिवाय दुसरी जागा आवडत नाही, आम्ही नूडलिंग केले. त्याचा खाण्याशी संबंध नाही. खाणवाल्यांनी टाकलेल्या ढिगात राहून गेलेला ओपल चिवडत बसणे, याला हे नाव आहे. तासाभराने हाती आले ते पॉच, म्हणजे रंगच न खेळणारा, बिनकिमतीचा ओपल. आयुष्यभर तांदूळ निवडलेल्या सासूबाईंचा वेग पाहून शेजारचा जर्मन पर्यटक हात थांबवून बघत राहिला. जाता जाता गवताचे एक पातेही नसलेला गोल्फचा माळ पाहिला. तिथले खेळाडू हिरव्या चटईचा तुकडा सोबत घेऊन फिरतात आणि चेंडू त्यावर ठेवून टोलवतात.

दुकानात शिरल्यावर प्रवासाचे खरे कारण बाहेर पडले. सासूबाईंच्या भाच्याचे लग्न जमत नव्हते, पत्रिकेत शुक्र अशक्त होता, हिरा परवडणारा नव्हता, आणि गुरुजींनी उपरत्न म्हणून ओपल असा घालायला सांगितला होता, की त्याची खालची बाजू बोटाला लागली पाहिजे. अस्सल खड्याची किंमत ऐकून त्यांनी तुळशीबागेच्या सवयीने निम्मी सांगितली, त्याबरोबर दुकानदाराने निमूटपणे दुसरा ट्रे काढला. त्यात डब्लेट होते, म्हणजे वर ओपलचा पातळ पापुद्रा आणि खाली चिकटवलेला काळा थर. रंग तसाच, भाव पुष्कळच कमी. यांनी लगेच पाकीट उघडले. सासूबाईंनी मात्र खडा उलटा करून चष्म्याखाली धरला.

"म्हणजे मुलीकडच्यांना वरून शुक्र दिसणार," त्या म्हणाल्या, "आणि आमच्या पोराला खालून शनी लागणार!"

आणि त्यांनी पहिला ट्रे पुन्हा मागवला.