चॅपल, सक्तीची प्रार्थना आणि तो फॉरवर्ड

ताईच्या मुलीला नागपुरातल्या एका ख्रिस्ती कॉलेजात प्रवेश मिळालाय आणि ताई नाव काढून घ्यायचं म्हणतेय. कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज: हिस्लॉप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने 1883 मध्ये धर्मांतरासाठी कॉलेज काढलं, अशा कॉलेजांतली चॅपल, म्हणजे आवारातली ख्रिस्ती प्रार्थनागृहं, सरकारी पैशावर चालतात, सगळ्यांना प्रार्थनेला बसवतात, परदेशात तर विद्यापीठांनी चॅपल कधीच बंद केलीत.

स्टीफन हिस्लॉप 1863 मध्येच गेले, टाकळघाटहून परतताना नाल्याच्या पुरात बुडून. कॉलेज निघालं त्यानंतर 20 वर्षांनी, त्यांच्या नावाने. मेलेल्या माणसाने कॉलेज कसं काढलं, हे फॉरवर्ड करणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही? ते ना अधिकारी होते, ना इंग्रज. स्कॉटलंडचे मिशनरी, 1845 मध्ये आले तेव्हा नागपुरात भोसल्यांचं राज्य होतं. धर्मप्रसारासाठीच आले होते, हे मान्य. पण त्यांचं फ्री चर्च 1843 मध्ये स्कॉटलंडच्या मुख्य चर्चपासून वेगळं झालं तेच चर्चमध्ये सरकारची ढवळाढवळ नको म्हणून.

सक्तीचा मुद्दा सगळ्यात वाईट, कारण त्याने पोरींचं शिक्षण अडतं. संविधानाचं कलम 28(3) वाचा. सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला हजर राहायला लावता येत नाही. विद्यार्थी अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. संस्थेला जोडलेल्या जागेचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे, म्हणजे आवारातलं चॅपल आलंच. भाचीला अठरा पूर्ण नाहीत. ताई नाही म्हणाली की विषय संपला. इंग्रजांच्या काळी अनेक मिशन कॉलेजांत बायबलचा तास सक्तीचा असायचा, हे नाकारत नाही. पण संविधान 1950 पासून लागू आहे!

पैशाचं म्हणाल तर अनुदान मुख्यतः पगारासाठी असतं, प्रार्थनेसाठी नाही.

राहिलं परदेश. हार्वर्डने 1886 मध्ये आणि येलने 1926 मध्ये सक्ती उठवली, प्रार्थना नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातल्या चर्चचं 1989 च्या भूकंपात नुकसान झालं. दुरुस्त करून 1992 मध्ये ते पुन्हा उघडलं. आपल्याकडच्या चॅपलचंही पुढे असंच व्हावं: दार सगळ्यांना उघडं, हजेरीपट नाही.

आणि कुठे खरंच सक्ती होत असेल तर मेसेज फिरवू नका. कलमाचा आकडा टाकून प्राचार्यांना आणि विद्यापीठाला लेखी तक्रार द्या. मी सोबत येईन.