समुद्रातला 'फुकट' हायड्रोजन

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. समुद्रात पवनचक्क्या उभारा, खालच्याच पाण्यापासून हायड्रोजन काढा. वारा फुकट, पाणी फुकट, किनाऱ्यापर्यंत तारा ओढायला नकोत. युरोपने केलंय, मग कोकणात का नाही?

आधी पाणी. खारं पाणी थेट इलेक्ट्रोलायझरमध्ये, म्हणजे विजेने पाण्यातला हायड्रोजन वेगळा करणाऱ्या यंत्रात, सोडलं तर क्लोरीन निघायला लागतो आणि इलेक्ट्रोडची वाट लागते, म्हणून ते गोडं करून वर अतिशुद्ध करावं लागतं. गंमत अशी की हा खर्च किरकोळ आहे. हजार लिटर पाणी गोडं करायला तीन-चार युनिट वीज पुरते आणि किलोभर हायड्रोजनला पाणी लागतं दहाएक लिटर.

वीज मात्र लागते किलोमागे ५० ते ५५ युनिट. त्या किलोत ऊर्जा उरते ३३ युनिट. तिची परत वीज केलीत तर हातात १६-१७. घरातले दिवे लावायला हा उद्योग म्हणजे कोहळा देऊन आवळा घेणं. खत, पोलाद, रिफायनरी यांना हायड्रोजनच हवा असतो, तिथे गणित वेगळं.

'मागणी नसताना वाया जाणारी वीज वापरू' हेही ऐकायला बरं. पण महागडा इलेक्ट्रोलायझर वर्षातले थोडेच तास चालला, तर त्याचं भांडवल मोजक्या किलोंवर पडतं.

तारांचं म्हणणं अर्धं खरं आहे. अंतर लांब आणि माल भरपूर असेल तर पाइपलाइन स्वस्त पडू शकते. पण नेदरलँड्सचा गाजलेला 'पॉसहायडन' प्रकल्प बघा. स्खेव्हेनिंगेनच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आधीपासून असलेल्या तेल-वायू प्लॅटफॉर्मवर १ मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर, आणि त्याला वीज? किनाऱ्यावरून, तारेनेच! हायड्रोजन मात्र असलेल्या गॅस पाइपमधूनच आणायचा, हा त्यातला शहाणपणा.

'युरोपने केलंय' म्हणजे किती? फ्रान्सजवळ 'सीलहाइफ' प्रकल्पाने २०२३ मध्ये समुद्रात हायड्रोजन काढला, तोही १ मेगावॉटचा प्रयोग. स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनजवळ पवनचक्कीवरच इलेक्ट्रोलायझर बसवायची वॅटनफॉल या स्वीडिश वीज कंपनीची योजना तर कंपनीनेच गुंडाळली.

राहिलं कोकण. केंद्राने २०२४ मध्ये मंजूर केलेले ७,४५३ कोटी गुजरात आणि तमिळनाडूच्या समुद्रातल्या १,००० मेगावॉट विजेसाठी आणि बंदरांसाठी आहेत. आपल्याकडे हायड्रोजनचं गिऱ्हाईक शोधायचं तर अलिबागजवळ थळचा खत कारखाना आहे. अमोनियासाठी तो नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढतोच. तिथे इलेक्ट्रोलायझर कारखान्याच्या आवारातही बसेल आणि वीज जमिनीवरच्या पवनचक्क्यांचीही चालेल.