श्रीलंका: डोंगर, किनारा की तळी?

वाद सुरू झाला तो वकीलसाहेबांच्या मोबाइलवरून. मे महिन्यात सगळ्यांनी मिळून श्रीलंकेला जायचं एवढं पक्कं झालं होतं आणि त्यांनी आराखडाही करून आणला होता. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, यालाचं अभयारण्य, मिरिसा, गॉल, परत कोलंबो. रोज नवं गाव, रोज नवं हॉटेल, आणि मधल्या एका दुपारी सिगिरियाचा उभा खडक.

"सिगिरियाला एक दुपार?" मी म्हणालो. "आणि अनुराधापूर, जुनी राजधानी, ती कुठाय?"

"तिथे नुसते स्तूप. पोरं कंटाळतील," वकीलसाहेब म्हणाले. "त्यापेक्षा कँडी ते एल्ला ट्रेन बघ. चहाचे मळे, धुकं, आणि एल्लाच्या जरा पुढे देमोदराचा नऊ कमानींचा पूल. जगभरातून लोक त्या गाडीसाठी येतात."

गाडी सुंदर आहे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. मी आधी हवामानाचा मुद्दा काढला, कारण श्रीलंकेला जाताना तोच पहिल्यांदा बघायला हवा आणि नेमका तोच विसरला जातो. एवढ्याशा देशात दोन पावसाळे आहेत. नैर्ऋत्येचा पाऊस मेच्या मध्याच्या सुमारास सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत कोलंबो, गॉल, मिरिसा आणि डोंगराच्या पश्चिम उतारांवर पडत राहतो. ईशान्येचा पाऊस साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी, पूर्वेच्या बाजूला. मिरिसाला देवमासे बघायचे तर नोव्हेंबर ते एप्रिल. मेमध्ये तिकडचा समुद्र खवळायला लागतो आणि त्याच सुमारास पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीचा समुद्र निवळतो. वकीलसाहेबांचा आराखडा फेब्रुवारी-मार्चचा होता, मेचा नव्हता.

"मला समुद्र हवा, कुठला का असेना," ताई म्हणाली. "पण गॉल मी सोडणार नाही. तू किल्ले म्हटलं की पडके बुरूज धरतोस. गॉलच्या किल्ल्यात आजही माणसं राहतात. मशीद आहे, डच चर्च आहे, शाळा आहे. पोर्तुगीजांनी सुरुवात केली, डचांनी सतराव्या शतकात तट नीट बांधून काढला. २००४च्या त्सुनामीत बाहेरचं शहर उद्ध्वस्त झालं आणि तटाच्या आतलं बरंचसं वाचलं. अजून काय पाहिजे?"

यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही, कारण तिचं म्हणणं खरं होतं. त्या दिवसातला सगळ्यात वजनदार मुद्दा तिचाच.

नाना इतका वेळ गप्प होते. "सीता एलिया यादीत आहे का रे? लंकेत जाऊन अशोकवन न बघता परत यायचं?"

"नाना, सीता एलिया नुवारा एलियाच्या बाजूला, म्हणजे डोंगरात आलं," मी म्हणालो. "त्याऐवजी कोणेश्वर बघा. त्रिंकोमालीला समुद्रात घुसलेल्या कड्यावर शंकराचं देऊळ आहे. कड्याला एक मोठी खाच आहे, ती रावणाच्या तलवारीने पडली असं तिथे सांगतात. जुनं देऊळ पोर्तुगीजांनी १६२२मध्ये पाडलं, त्याचे दगड किल्ल्याला लावले, आणि आज देवळात जायचं तर त्याच किल्ल्याच्या दरवाजातून जावं लागतं."

नाना लगेच माझ्या बाजूला आले.

"पण स्तूपांचं काय?" वकीलसाहेबांनी मूळ धागा सोडला नव्हता.

मग मी तळ्यांवर आलो. अनुराधापूर, पोलोन्नरुवा आणि सिगिरिया, तिन्ही कोरड्या पट्ट्यात आहेत. वर्षातले काही महिनेच पाऊस, बाकी नुसतं ऊन. तरीही राजांनी हजार वर्षांहून जास्त काळ राजधानी याच पट्ट्यात ठेवली, कारण त्यांना पाणी अडवून धरायची विद्या येत होती. महासेन राजाने तिसऱ्या शतकात जेतवनाराम स्तूप उभारायला घेतला. मूळ उंची १२२ मीटर, आणि त्या काळात त्याहून उंच होते ते फक्त गिझाचे दोन पिरॅमिड. त्याच महासेनाने मिन्नेरियाचं तळंही बांधलं. ते बघितल्याशिवाय एवढ्या विटा भाजणाऱ्या आणि रचणाऱ्या माणसांचं पोट कशावर भरत होतं, हे कळतच नाही.

तळ्याच्या बांधात बिसोकोटुवा नावाची बांधीव चौकोनी विहीर असते. तळ्याचं पाणी खालच्या मोरीतून आधी त्या विहिरीत येतं, तिथे त्याचा जोर मोडतो आणि मग ते पुढे कालव्यात जातं. जोर न मोडता सोडलं असतं तर पाण्याने बांधच पोखरला असता. कला वेवा तळ्यापासून अनुराधापूरपर्यंत ८७ किलोमीटरचा कालवा आहे, जय गंगा. त्याच्या वरच्या भागात उतार किलोमीटरला १० ते २० सेंटिमीटर. त्याला बांध एकाच बाजूला आहे, दुसरी बाजू जमिनीच्या चढावर मोकळी सोडलेली. त्या बांधावरून चालताना एका हाताला पाणी दिसतं, दुसऱ्या हाताला खाली हिरवी भातखाचरं, आणि पाणी वाहतंय की थांबलंय ते नुसतं बघून कळत नाही. हा कालवा पाचव्या शतकातला आहे आणि आजही वापरात आहे.

"आणि सिगिरिया?" ताईने विचारलं.

सिगिरियाची गोष्ट कला वेवालाच सुरू होते. हे तळं धातुसेन राजाने बांधलं. त्याचा मुलगा काश्यप याने बंड करून बापाला कैद केलं आणि लपवलेला खजिना कुठे आहे ते विचारलं. चूळवंसात, म्हणजे तिथल्या जुन्या बखरीत, म्हटलंय की धातुसेन कला वेवाच्या पाण्यात उतरला, ओंजळ भरली आणि म्हणाला, माझी संपत्ती ती एवढीच. त्याला भिंतीत जिवंत चिणून मारण्यात आलं. मग भारतात पळून गेलेला भाऊ मोग्गल्लान सूड घ्यायला येईल या धाकाने काश्यपाने त्या उभ्या खडकावर महाल बांधला. भाऊ आलाच, ४९५ साली. आणि बापाला पाण्यापायी मारलेल्या या राजाने पायथ्याला काय करावं, तर पाण्याची बाग! तिथे कारंज्यांवर भोकं पाडलेल्या चुनखडीच्या चकत्या आहेत. चांगला पाऊस झाला की त्यांतून आजही पाणी उडतं, पंप वगैरे काही नाही. लोक वरच्या चित्रांकडे आणि सिंहाच्या पंजांकडे धावतात, आणि ही बाग दोन मिनिटांत ओलांडून जातात. मला याचं खरोखर वाईट वाटतं.

वकीलसाहेब थोडा वेळ मोबाइलकडे बघत राहिले. "पण मे महिन्यातलं ऊन? स्तूपाच्या आवारात चपला काढाव्या लागतात. दगडावर पाय भाजतात."

हे बरोबर आहे. म्हणून स्तूप सकाळी लवकर, मोजे घालून, दुपारी मुक्कामावर, आणि चार वाजल्यानंतर तळ्याचा बांध. सिगिरियालाही फाटक उघडल्या उघडल्या चढायला लागायचं. बुद्धपौर्णिमा मेमध्येच पडली तर अनुराधापुरात थांबण्यासारखं दुसरं काही नाही. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने नेलेल्या फांदीपासून वाढलेला बोधिवृक्ष तिथेच आहे. गावोगाव कागदी कंदील लागतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला रस्त्यावर फुकट जेवू घालतात.

शेवटी याला, मिरिसा आणि एल्ला यादीतून गेले. ट्रेन पुन्हा कधीतरी फेब्रुवारीत करू, यावर वकीलसाहेब तयार झाले, पण नाखुशीनेच. गॉल ताईसाठी शेवटच्या दिवशी ठेवलं, पाऊस असला तरी. तटावर छत्री घेऊन फिरेन म्हणाली. आता अडलंय ते कला वेवावर. वकीलसाहेबांनी तिथे अर्धा दिवस लिहिलाय. मला पूर्ण हवाय. जवळच अवुकनाची उभी बुद्धमूर्ती आहे, एकाच खडकात कोरलेली, सुमारे १२ मीटर उंच. ती पूर्वेकडे तोंड करून आहे, तेव्हा ती सकाळीच बघायची, आणि बांधावर जायचं संध्याकाळी. अर्ध्या दिवसात दोन्ही बसत नाही.