बिनजळजळीचं पित्त

चार महिने मी खोकतोय. कोरडा ठसका, घशात शीत अडकल्यासारखं, आणि सकाळी आवाज असा की आई फोनवर विचारते, "कोण बोलतंय?" ऑफिसात शेजारचा खुर्ची लांब सरकवतो. कफाच्या तीन बाटल्या संपल्यावर घशाचे डॉक्टर म्हणाले, पोटातलं आम्ल वर येतंय. म्हणून काल पोटाच्या डॉक्टरांकडे.

शेजारी एक काका, मांडीवर मोरावळ्याचा डबा.

"काय होतंय?"

"ॲसिडिटी."

"जळजळ?"

"नाही."

"करपट ढेकर?"

"नाही. खोकला."

विनातिकीट प्रवाशाकडे बघावं तसं काकांनी बघितलं. "अहो, पित्त म्हणजे कसं, इथून पेटतं," बेंबीवर बोट, "ते इथवर येतं. बावीस वर्षं आहे मला." बँकेत बावीस वर्षं झाली असं सांगावं, तसा सूर.

मग त्यांनी हजेरीच घेतली. समोरच्या वहिनींच्या छातीत दुखायचं. हार्ट ॲटॅक समजून रात्री दोनला रिक्षानं धावल्या, ईसीजी नॉर्मल. काकांनी त्यांना पास केलं, छाती तरी होती. कोपऱ्यातल्या पोराच्या दातांचं एनॅमल झिजलेलं, डेंटिस्टनं इकडे पाठवलेला. तो नापास. आम्ही दोघं एका बाकावर, एटीकेटीवाले.

आपल्याकडे अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोकं ठणकलं तरी पित्त, नवरा बोलला तरी बायकोचं पित्त खवळतं. माझंच तेवढं कुणाला चालत नाही!

दीड तासानं आत गेलो. अन्ननळीच्या खालची झडप सैल पडते, आम्ल घशापर्यंत चढतं. जळजळ सगळ्यांनाच होते असं नाही, डॉक्टर म्हणाले. हे दार उघडून जरा मोठ्यानं सांगा, असं तोंडावर आलं होतं. गोळी सकाळी नाश्त्याआधी अर्धा तास, रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. दोन मिनिटं, आठशे रुपये. आणि त्या कफाच्या बाटल्यांचे पैसे कोण देणार?

बाहेर काका टपलेलेच. "काय निघालं?"

"पित्तच."

"दुर्बीण घातली?"

"नाही."

"मग कशावरून? माझी दोनदा घातली." आवाज एकदम खाली आला. "आत काही दिसत नाही म्हणतात. बावीस वर्षं जळतंय, आणि म्हणे आत सगळं स्वच्छ! घरचे आता मनाचे खेळ म्हणतात."

काय बोलावं सुचेना. त्यांनी डबा पुढे केला. मोरावळ्याची फोड तोंडात टाकली आणि मला असा ठसका लागला की कंपाउंडर पाणी घेऊन धावला.

"बघा," काका वहिनींना म्हणाले, "खोकलाच आहे तो."