त्या कार्डावरचे आकडे तरी वाचा

रविवारी सकाळी रामबागेतून मावशीचा फोन आला. "बेटा, तुझ्या फोनवरून 51 रुपये भर. साटमांसाठी." कसले, कुणाला, असं विचारलं तर ती रडायलाच लागली. शिवाजी साटम, 'सीआयडी' मालिकेतले एसीपी प्रद्युम्न, गेले म्हणाली. मी गाडी काढली आणि तडक तिच्याकडे गेले. देवापुढे समई लावलेली, पोह्यांची ताटली झाकलेली तशीच, जीरावन मसाल्याची डबीही उघडलेली नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई सकाळपासून उपाशी बसली होती, आणि ती ज्यांच्यासाठी रडत होती तो माणूस धडधाकट होता.

याच्या मुळाशी एक मेसेज आहे. इंदूरच्या आमच्या मराठी मंडळींच्या तीन गटांत तो आठवडाभर फिरतोय. नागपूरच्या नणंदेकडूनही मला आला, म्हणजे गावाबाहेरही पोचलाय. वर "सीआयडीचं लपवलेलं सत्य" असं लिहिलंय आणि खाली सात मुद्दे. शिवाजी साटम एप्रिलमध्येच वारले, चॅनेलने ते दाबलं. हल्ली पडद्यावर दिसतो तो एआयने बनवलेला चेहरा. फ्रेडी, म्हणजे दिनेश फडणीस, मात्र जिवंत आहेत आणि पुढच्या सीझनमध्ये परतणार. 2018 ला सरकारी दबावाने मालिका बंद पाडली, आता दिवाळीत ती कायमची बंद होणार. दया आणि अभिजीत या भूमिका करणारे दयानंद शेट्टी आणि आदित्य श्रीवास्तव यांचं खऱ्या आयुष्यातही फाटलंय. शेवटचा भाग सहा तास सलग एकाच शॉटमध्ये असेल. आणि हे सगळं थांबवायचं असेल तर खालच्या लिंकवर 51 रुपये भरून "मत" नोंदवा.

पहिला मुद्दा आधी घेते, कारण त्यानेच घर रडवलं. 2025 च्या एप्रिलमध्ये मालिकेच्या कथेत बार्बोसा नावाच्या खलनायकाने बॉम्बस्फोट घडवला आणि त्यात एसीपी प्रद्युम्न मारला गेला. मालिका दाखवणाऱ्या सोनी चॅनेलने लगेच सोशल मीडियावर श्रद्धांजलीचं कार्ड टाकलं. काळी पार्श्वभूमी, साटमांचा चेहरा, स्मृतीप्रीत्यर्थच्या ओळी. मेसेजला पुरावा म्हणून जोडलेला फोटो तो हाच. मावशीने तो मला फोनवर मोठा करून दाखवला. मी म्हटलं, "चेहरा नको बघू, खालचे आकडे वाच." तिने चष्मा पुसला आणि वाचलं, 1998 ते 2025. मग माझ्याकडे बघत राहिली. साटमांचा जन्म 1950 चा. 1998 हे मालिका सुरू झाली ते साल आहे. कार्डावर नाव एसीपी प्रद्युम्नचं आणि जन्मसाल मालिकेचं. म्हणजे ते कार्ड माणसाचं नव्हतंच, भूमिकेचं होतं. हे दोन आकडे वाचायला मालिकेतल्या डॉक्टर साळुंखेंची प्रयोगशाळा लागत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने फोटो जोडला आणि आकड्यांबद्दल चकार शब्द काढला नाही.

त्याच दिवसांत पत्रकारांनी खुद्द साटमांनाच विचारलं होतं. मी सुट्टी घेतली आहे, पुढे काय आहे ते निर्मात्यांना माहीत, भूमिका संपली असली तरी माझी तक्रार नाही, अशा अर्थाचं ते बोलले. गेलेला माणूस मुलाखत देत नाही. आणि त्यानंतर ते मालिकेत परतलेसुद्धा.

इथे चॅनेललाही मी सोडणार नाही. कथेतलं पात्र मारायचं तर मारा, पण खऱ्या माणसाचा फोटो लावून, काळी चौकट करून, खाली सालं घालून टाकायचं? आपल्याकडे अशी चौकट वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर येते आणि ती पाहून लोक सांत्वनाला जातात. वयस्कर माणसाने त्यातून दुसरा कोणता अर्थ काढायचा? मेसेजवाल्याला सामान तिथूनच मिळालं, एवढं मान्य करते. पण गैरसमज होणं वेगळं आणि "चॅनेलने दाबलं" अशी त्याला फोडणी देऊन वाटत सुटणं वेगळं.

आता तो एआयचा मुद्दा. मला सर्वांत जास्त संताप याचाच आला. मी मावशीला म्हटलं, अगं, शनिवारी रात्री दहाला तू स्वतः त्यांना पाहिलंस ना? त्यावर ती म्हणाली, "तो खरा नाही, मशीनचा आहे. मेसेजमध्ये लिहिलंय." पुढे माझ्याकडे बोलायला काही उरलं नाही. डोळ्यांसमोरचा पुरावाच आधी खोटा ठरवून ठेवायचा, म्हणजे कुणी काहीही दाखवलं तरी "बघा, सांगितलं होतं ना" म्हणायला मोकळे. मग मी ते परतल्यानंतरचा एक भाग लावला आणि तिला त्यांचे हात बघायला सांगितले. प्रद्युम्न विचार करताना बोटं हवेत फिरवतो ती लकब मावशी इतकी वर्षं बघतेय. बाजूला आदित्य श्रीवास्तव, दयानंद शेट्टी, नरेंद्र गुप्ता त्याच चौकटीत उभे, बोलतायत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतायत. ती दहा मिनिटं बघत बसली. मग म्हणाली, "मान तशीच वळवतो." तेव्हा कुठे तिने पोह्यांवरची ताटली काढली.

हे तिला इतकं का लागलं तेही सांगते. सीआयडीच्या खूप आधी मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' ही मराठी पोलीस मालिका लागायची. दिग्दर्शन बी. पी. सिंग यांचंच, आणि त्यातही साटम होते. इंदूरला ते केंद्र दिसायचं नाही. मावशी उन्हाळ्यात दादरला बहिणीकडे जायची तेव्हा तिथे बघायची. तेव्हापासून तो तिच्यासाठी आपला माणूस. बँकेत नोकरी करून नाटक सांभाळलेला. सीआयडी लागली की ती कालनिर्णयच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवते आणि शेवटी बरोबर आलं तर शेजारी रेघ मारते. अशी पानं तिने एका जुन्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली आहेत. अशा प्रेक्षकाच्या प्रेमावर कुणीतरी हात मारावा हे मला सहन होत नाही.

दिनेश फडणीस यांच्याबद्दल तर असं लिहायला हात धजला कसा, तेच कळत नाही. ते 5 डिसेंबर 2023 ला मुंबईत गेले. त्याच्या आधी दोन दिवस हृदयविकाराचा झटका आल्याच्या बातम्या आल्या होत्या. तेव्हा दयानंद शेट्टी यांनी पुढे येऊन सांगितलं की झटका नव्हता, त्रास यकृताचा होता. त्या गोंधळाचा धागा धरून "बातमी खोटी होती, ते जिवंत आहेत" असं हा मेसेज सांगतो. त्यांच्या अंत्यविधीला मालिकेतली मंडळी गेली होती. त्यांच्या घरच्यांच्या फोनवर हा मेसेज पोचला तर काय होईल, याचा विचार पुढे ढकलणाऱ्या एकानेही केलेला दिसत नाही. जिवंत माणसाला मारायचं आणि गेलेल्याला जिवंत करायचं, दोन्ही एकाच मेसेजमध्ये.

2018 च्या मुद्द्यात मात्र अर्धं खरं आहे, आणि ते मला मनाविरुद्ध कबूल करावं लागतंय. 27 ऑक्टोबर 2018 ला, 1547 भागांनंतर, मालिका थांबली. तेव्हा चॅनेलने "विश्रांती" हाच शब्द वापरला होता, नव्या सीझनने परतू म्हणाले होते. ती विश्रांती सहा वर्षं चालली. दुसरा सीझन आला तो थेट 21 डिसेंबर 2024 ला. म्हणून चॅनेलच्या शब्दावर लोकांचा विश्वास उरलेला नाही, आणि त्यात लोकांची चूक नाही. मावशीसुद्धा सहा वर्षं "पुढच्या महिन्यात येईल" म्हणत होती. पण सरकारी दबावाची गोष्ट कुठून आणली? निर्माते आणि चॅनेल यांचं पटत नसल्याचं तेव्हा छापून आलं होतं, सरकारचं नाव त्यात नव्हतं. आणि दिवाळीत बंद होणार हे चॅनेलने किंवा निर्मात्यांनी कुठेही सांगितलेलं नाही. मालिका पुढे किती चालेल, कुणाला काढतील, याचे अंदाज आम्हीही जेवताना बांधतो. पार्थ समथान नवा एसीपी आयुष्मान म्हणून आला तेव्हा मीच म्हटलं होतं की आता जुन्यांना हळूहळू बाजूला करतील. माझा अंदाज चुकला. अंदाज चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही, कारण तो अंदाज म्हणूनच सांगितलेला असतो.

दया आणि अभिजीतचं भांडण: दुसऱ्या सीझनच्या जाहिरातीत अभिजीत दयावर गोळी झाडतो, ते कथेतलं दृश्य. तेच उचललंय, बाकी काही नाही.

सहा तासांचा भाग: एका शॉटमधला भाग मालिकेने 7 नोव्हेंबर 2004 लाच दाखवला, 111 मिनिटांचा, आणि त्याची विक्रम म्हणून नोंदही झाली. त्या आठवणीला तिपटीहून जास्त फुगवलंय.

आणि आता ते 51 रुपये. मालिका किती लोक बघतात हे बार्क या टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या संस्थेने निवडक घरांत बसवलेल्या मीटरवरून मोजतात. पैसे भरून मत नोंदवण्याची सोय त्यात नाही. मी ती लिंक माझ्या फोनवर उघडली. आधी नाव, मग जन्मतारीख, मग मोबाइल नंबर, आणि शेवटी "51 रुपये परत मिळतील, त्यासाठी यूपीआय पिन टाका" असं लिहिलेलं. पैसे मिळायला पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे आपल्या खात्यातून जायला. मावशीच्या फोनवर यूपीआय नाही म्हणून तिने मला सांगितलं, एवढ्यावर ती वाचली. आमच्या एका गटात दोघांनी "भरले" म्हणून खाली हात जोडल्याची खूण टाकली आहे. दोघंही सत्तरीपुढचे, दोघांची पेन्शन त्याच खात्यात येते.

त्या दोघांना मी फोन केला. एकाने उचलला, त्यांना 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर लावायला सांगितलं आणि बँकेलाही लगेच कळवा म्हटलं. दुसऱ्यांचा फोन लागत नाहीये. लोकमान्य नगरात त्यांच्या जवळपास कुणी राहत असेल तर आजच घरी जाऊन सांगा. आणि ज्यांनी तो मेसेज गटात टाकला त्यांनी तो काढावा. मी दोनदा लिहिलंय, अजून तो तिथेच आहे.