हिरवी गल्ली, झटपट

आपली गल्ली हिरवी करायची असं ठरवलंत, अभिनंदन! आधी व्हॉट्सॲप ग्रुप काढा. नाव ठरण्यात दोन आठवडे जातील, जाऊ द्या. डीपी हिरवा झाला की निम्मं काम उरकलंच.

मुहूर्त ५ जूनचा. पुण्यात तोवर मान्सून बहुधा पोचलेला नसतो, जमीन दगड झालेली असते. पण पर्यावरण दिन पावसासाठी थांबत नाही, आणि प्रमुख पाहुणे तर कशासाठीच थांबत नाहीत. खड्डे उन्हाळ्यात खणून तापू द्यावेत, हातभर तरी खोल असावेत, तळाशी शेणखत घालावं, असं जुने माळी सांगतात. सांगू द्या. खोली फोटोत दिसत नाही. रोपाची पिशवीही फाडत बसू नका. हात मातीने भरले की मोबाइल कसा धरणार? झारी मात्र चकचकीत हवी, आणि तिला कार्यकारिणीतल्या सगळ्यांचा हात लागायला हवा.

रोप कुठलं? करंज, बहावा मुळीच नको, आपल्या घाईच्या मानाने सावकाश वाढतात. ताम्हण आपलं राज्यफूल, तेव्हा त्याची जागा स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात. मध्य अमेरिकेतून आलेली गिरिपुष्प लावा. भराभर वाढते, पुढच्या निवडणुकीपर्यंत दिसू लागते.

खरा पैसा पिंजऱ्यावर खर्च करा. पिंजरा रोपापेक्षा महाग असावा आणि त्यावरची 'सौजन्य' पाटी पिंजऱ्यापेक्षा मोठी. रोप गेलं तरी पिंजरा राहतो. चहाचे कागदी कप आणि वेफर्सची पाकिटं टाकायला गल्लीत हक्काची जागा होते. चुकून झाड जगलंच, तर पिंजरा काढायचा नाही. काही वर्षांत खोड लोखंडी पट्टीभोवती फुगतं, साल तिच्यावरून वळते, आणि शेवटी पट्टी लाकडात पार गडप होते. पाटीचं एक टोक तेवढं बाहेर राहतं. तेवढ्यावर देणगीदाराचं आडनाव वाचता येतं.

मग पेव्हर ब्लॉक. ते थेट खोडाला भिडवून घ्या. झाडाभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिला होता खरा, पण तो दिल्लीसाठी. आपण पुण्यात राहतो. पाणी मुरायला आपल्याकडे रस्त्यातले खड्डे आहेतच. पानगळीत पाचोळा जाळा, खत विकत आणा.

फांदी गाडीवर आली की अर्ज करा. १९७५ चा वृक्ष जतनाचा कायदा आडवा येतो, म्हणून 'कावळे गाडी घाण करतात' असं लिहू नका, 'फांदी धोकादायक' असं लिहा.

किती रोपं जगली, हे विचारू नये. सरकारने २०१९ मध्ये ३३ कोटींचं उद्दिष्ट ठेवलं होतं. एवढे तर आपले देव, आणि तेही कुणी मोजत नाही. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी कोण घालणार, असं ग्रुपवर कुणी विचारलंच तर त्याला ताबडतोब ॲडमिन करा. तोच घालेल.

एखादे आजोबा रोज सकाळी भाजी धुतलेलं पाणी बादलीतून आणून ओतताना दिसले, तर त्यांचा जाहीर सत्कार करायलाच हवा. शाल, श्रीफळ, आणि रोप. कार्यक्रम सकाळी सातलाच ठेवा, म्हणजे त्या दिवशीचं पाणी तरी चुकेल.